अवजार आणि हत्यार

सण, निवडणूक, मोर्चा यांपैकी काहीही समीप आले की नाशिकच्या पोलीस आयुक्तालयातून मनाई हुकूम निघतो. वर्तमानपत्रांच्या आतील पानांवर त्याला चार ओळींची जागा मिळते, आणि ज्यांच्यावर तो बंधनकारक आहे त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या वाचनात तो येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ ने तलवारी, भाले आणि बंदुका यांच्याच पंक्तीत सोटे, काठ्या आणि चाकू बसविले आहेत, आणि त्याखालील हुकूम मोडून यांपैकी काही बाळगणारा इसम कलम १३५ अन्वये एक वर्षापर्यंतच्या कारावासास, व न्यायालयाने विशेष कारणे लेखी नमूद केली नाहीत तर निदान चार महिन्यांच्या कारावासास, पात्र होतो. चाकूचे पाते केवढे होते, तो कोणाजवळ सापडला आणि कोणत्या प्रयोजनासाठी जवळ होता, याविषयी मात्र हे कलम अक्षरही बोलत नाही. हे मौन निरुपद्रवी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नाशिक हा पात्यांवर जगणारा जिल्हा आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवाचून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा फळत नाहीत, आणि त्या छाटणीसाठी पेठ-सुरगाण्याकडून येणारा आदिवासी मजूर आपली कात्री व विळा बरोबर घेऊनच वाट चालतो. मुकादम ज्याच्या हिशेबाने ऊसतोडणीच्या मजूर-जोडप्यांची मोजदाद करतो तो कोयता, मेंढरांसाठी फांद्या तोडणाऱ्या धनगराची कुऱ्हाड, वृद्ध शेतकऱ्याच्या चंचीतला अडकित्ता, तारेचे वेष्टन सोलणाऱ्या कारागिराच्या खिशातला मिटता चाकू, ही सारी पोटापाण्याची साधने होत. हुकूम जारी असताना पेठ नाक्यावर कामाच्या प्रतीक्षेत उभा असलेला मजूर, कलमाच्या शब्दांकडे पाहिले तर, अपराधाच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याला सहसा कोणी धरीत नाही हे खरे. परंतु तो सुटतो तो हवालदाराच्या समंजसपणामुळे, कायद्यामुळे नव्हे. आणि ज्या निर्दोष माणसाचे स्वातंत्र्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, त्याला कायद्याचे संरक्षण आहे असे म्हणता येत नाही.

या मर्जीचा अनुभव आपल्या देशाने पूर्वी पुरेपूर घेतलेला आहे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत, १८७८ साली, झालेल्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांस निःशस्त्र केले आणि युरोपियनांस मात्र त्यातून मुभा दिली. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यानंतरच्या धरपकडी आणि खटले या शहराने पाहिले आहेत. शस्त्रबंदीतील अपमानाचे शल्य इतके खोल होते की, काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश करण्यात आला. पुढे घटनासमितीत ह. वि. कामत यांनी त्या हक्काचा आग्रह धरला, तथापि समितीने तो मान्य केला नाही. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार दिला. हा निर्णय विवेकाचा होता. शस्त्राची सार्वत्रिक मोकळीक आम्हांस अभिप्रेत नाही. अवजार आणि हत्यार यांतील भेद कायद्याने स्वतः ओळखावा, एवढीच आमची मागणी आहे.

हा भेद आपल्या विधिसंहितेला अपरिचित आहे असेही नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. आणि त्याखालील नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तीक्ष्ण हत्यारे नियंत्रणाखाली आणताना गृह, शेती, विज्ञान व उद्योग यांच्या साधनांना अपवाद केला. तथापि ही व्याख्या वस्तूच्या घडणीकडे पाहते, बाळगणाऱ्याच्या हेतूकडे पाहत नाही, आणि नेमके येथेच आजचे संकट तिच्या हातून निसटते. पुण्यात आणि नाशिकमध्ये रस्त्यावर दहशत माजविणाऱ्या टोळक्यांनी जे पाते हाती घेतले ते शेतातल्या कोयत्याचेच होय; सबब मध्यरात्री वस्तीत तो परजीत फिरणाऱ्यास ‘हे तर शेतीचे अवजार’ असा युक्तिवाद करण्यास जागा राहते, आणि भर दुपारी कामावर निघालेल्या मजुराचा विळा मात्र मनाई हुकुमाच्या कचाट्यात येतो. गुंडाला आडोसा आणि श्रमिकाला धास्ती, असा हा उफराटा परिणाम आहे.

अन्य ठिकाणी या प्रश्नाचा अधिक नेटका विचार झालेला आढळतो. दिल्ली प्रशासनाने १९८० साली काढलेल्या अधिसूचनेत खटक्याने उघडणाऱ्या चाकूंच्या पात्याची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी निश्चित केली. इंग्लंडमध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा मिटता चाकू कोणीही खिशात ठेवू शकतो. त्याहून मोठे पाते सार्वजनिक जागी बाळगणाऱ्यास मात्र सबळ कारण दाखवावे लागते, आणि व्यवसाय, धर्म व राष्ट्रीय पोशाख ही कारणे त्या कायद्यातच नमूद आहेत. शिखांचे कृपाण धर्माचरणाचा भाग मानून आपल्या घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानेही प्रयोजनाचे हेच तत्त्व एका बाबतीत मान्य केले आहे.

त्याच तत्त्वाचा विस्तार राज्य विधिमंडळाने करावा. लहान मिटता चाकू मापासह निःसंदिग्ध शब्दांत मुक्त करावा. मोठे पाते बाळगणाऱ्याच्या व्यवसायाचा, स्थळाचा आणि वेळेचा विचार करणे तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे. आणि ज्याला असे कोणतेही कारण दाखविता येत नाही, किंवा जो पाते उगारून लोकांना धाक घालतो, त्याच्याविषयी शिक्षेत दयामाया असू नये. त्याच कलम ३७ खालील जमावबंदीला राज्य शासनाच्या मंजुरीविना पंधरा दिवसांहून अधिक मुदत देता येत नाही, हा निर्बंध अपवाद अपवादच राहावा म्हणून घातला गेला. एका पंधरवड्याचा हुकूम संपताच दुसरा काढण्याचा प्रघात त्या हेतूचाच भंग करतो. हुकूम विशिष्ट प्रसंगापुरता असावा आणि मजुरांच्या नाक्यांवर, बाजार समित्यांत, बसस्थानकांवर ठळक मराठीत लावला जावा. घरपोच तलवारी आणि सुरे पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांस खरेदीदाराची नोंद ठेवण्याची सक्तीही करावी.

परंतु कायदा कितीही रेखीव केला तरी लोकांच्या मनातील शस्त्राची प्रतिष्ठा त्याने उतरणार नाही. सिंहस्थात आखाड्यांचे साधू परंपरेने शस्त्रे मिरवतात, त्यांना आखाड्याच्या शिस्तीची मर्यादा असते. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे चित्रण सर्वत्र पसरविणाऱ्या तरुणाला कोणतीही मर्यादा नसते. हा तरुण धडा कोठून घेतो? ज्या व्यासपीठावर पुढाऱ्याचा सत्कार तलवार देऊन होतो, पुढारी ती उपसून उंचावतो आणि समोरचा समुदाय गर्जना करतो, त्याच व्यासपीठावरून. शिवकालाचे स्मरण कोणाला नको आहे? पण त्या काळातील तलवार स्वराज्याच्या सेवेस बांधलेली होती, व्यक्तीचा दिमाख वाढविण्यासाठी नव्हती. नाशिकच्या सर्व पक्षांच्या नेत्यांनी तलवारीचा सत्कार यापुढे स्वीकारणार नाही, असे जाहीर करावे. त्यासाठी कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावी लागत नाही.

मजुराच्या हातातील पात्याला अभय आणि दहशतीच्या पात्याला शासन, ही दोन्ही एकाच न्यायाची अंगे आहेत. पहिल्याची उपेक्षा करून दुसरे साधत नाही. कारण जो कायदा निरपराध्याला अकारण भिववितो, त्याच्या मदतीला अपराध्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी कोणी पुढे येत नाही. शासनाने आगामी अधिवेशनात ही दुरुस्ती आणावी, आणि नाशिकच्या लोकप्रतिनिधींनी तिचा पाठपुरावा करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.