पडद्यावरचा खोटा फड आणि नारायणगावचा खरा फड

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत एक ठरलेला प्रकार असतो. एक खोटा तमाशा फड उभा करायचा, त्याला ओढूनताणून एक गावठी नाव द्यायचं, ढोलकी बडवायची, बेसूर शाहीर आणि साडी नेसलेला पुरुष नाचवायचा. स्टुडिओ हसतो. घरात आपणही हसतो.

आम्ही जुन्नर-आंबेगावात काम करतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांच्या हंगामात इथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. हेच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं गाव. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 2002 मध्ये त्या गेल्या. आज शासन त्यांच्याच नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. जिवंतपणी उपेक्षा आणि मेल्यावर गौरव, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

कुणी म्हणेल, "विनोद आहे, एवढं काय मनावर घेता?" आमचं भांडण हसण्याशी नाही. साडी नेसलेल्या पुरुषाशीही नाही. तमाशात नाच्या होताच, गवळणीत मावशी आहेच. प्रश्न असा आहे की हसू कुणावर? वगातला सोंगाड्या राजाला, पाटलाला, सावकाराला उघडं पाडायचा. खालचा माणूस वरच्यावर हसायचा. टीव्हीनं सोंगाड्याची हजरजबाबी, बतावणी, द्व्यर्थी बोलणं सगळं उचललं आणि तोंड उलटं फिरवलं. आता फडवालाच हास्यास्पद. ज्यांची कला त्यांचीच टिंगल, आणि जाहिरातीचा पैसा मात्र वाहिनीला! याला आम्ही सांस्कृतिक लूट म्हणतो.

या लुटीची किंमत फडावरची पोरं मोजतात. वस्तीवरच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीनं आम्हाला सांगितलं, की वर्गात तिला टीव्हीतल्या त्या नाचणारीच्या नावानं हाक मारतात. तिची आई फडावर आहे. ती पोर आता आईचं काम कुणाला सांगत नाही. यात विनोद कुठं आहे?

आता थोडं आपल्याबद्दल. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, कारण तो पैसा अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. तो नकार शोषणाला होता, त्या स्त्रियांना नव्हता. पुढं भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यात समतेचा विचार भरला. आपण मात्र सोयीचा अर्थ काढला: तमाशा वाईट, म्हणून तमासगीरही दूरचे. मातंग, कोल्हाटी, महार कलावंतांच्या घरांकडे आपणच पाठ फिरवली. 2020 च्या टाळेबंदीत यात्रा बंद पडल्या, फड बसले, तेव्हा आपल्यापैकी किती जण राहुटीपर्यंत गेले?

म्हणून तरुण मित्रांनो, अशी स्किट पुढं पाठवण्याआधी विचारा, हसतोय कोण आणि कुणावर? तमासगीरांच्या मुलांचं शिक्षण आणि वृद्ध कलावंतांचं मानधन हे प्रश्न तालुक्याच्या निवेदनात आपल्या मागण्यांबरोबर लिहा. जयंतीला डीजेची सुपारी देण्याऐवजी एखाद्या खऱ्या शाहिराला, खऱ्या ढोलकीवाल्याला मानानं बोलवा. त्यांना जलसा नवा नाही. आपणच तो विसरलो आहोत.

जय भीम!