वाईन टेस्टिंगची सहल: चव जिभेला कळू द्या, यकृताला नको

"डॉक्टर, पुढच्या महिन्यात आम्ही फ्रान्सला चाललोय. तिथे एक दिवस वाईन टेस्टिंगची टूर घेतली आहे. मला चालेल ना? तशी रेड वाईन हृदयाला चांगलीच असते म्हणे!"

गेल्या आठवड्यात माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये एका काकांनी हा प्रश्न विचारला. वय ६४, बारा वर्षांचा डायबेटिस, ब्लड प्रेशरची गोळी चालू. शेजारी बसलेल्या काकू माझ्याकडे बघत होत्या. मी "नको" म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती. काकांची अर्थातच उलटी.

मित्रांनो, हा प्रश्न आता मला वरचेवर विचारला जातो. मुलं परदेशात असतात, आई-वडील त्यांच्याकडे जातात आणि मुलं हौसेने अशी सहल ठरवतात. नाशिकची वारी तर आता घरोघरी होते. म्हणून आज याच विषयावर माझं मत सविस्तर लिहितो आहे. मी स्वतः अशा सहलीला जाऊन आलो आहे, त्यामुळे हा नुसता कोरडा उपदेश नाही.

ही सहल असते तरी कशी?

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी मुलीकडे फ्रान्समध्ये बोर्डो शहरात गेलो होतो. तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर सेंट एमिलियन नावाचं जुनं गाव आहे. आठ जणांची छोटी गाडी, गाडी चालवणारीच आमची गाईड. सकाळी एक वायनरी, दुपारी गाव, मग आणखी दोन वायनरी.

गाव मात्र बघण्यासारखं आहे. आठव्या शतकात एमिलियन नावाचा एक साधू इथे गुहेत येऊन राहिला, अशी तिथली कथा आहे. पुढे त्याच जागी एकाच चुनखडीच्या खडकात अख्खं चर्च कोरून काढलं. आत उभं राहिल्यावर आपल्याला वेरूळ आठवल्याशिवाय राहत नाही. आजूबाजूच्या द्राक्षमळ्यांसकट या परिसराला युनेस्कोने १९९९ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मळ्यांत प्रामुख्याने मर्लो आणि कॅबर्ने फ्रँक जातीची द्राक्षं. गल्ल्या दगडी आणि इतक्या उताराच्या, की काही ठिकाणी धरायला कठडे लावले आहेत.

या गल्ल्यांमध्येच त्या दिवशी एक प्रसंग घडला.

आमच्या गाडीत सत्तरीचे एक गृहस्थ होते. चढ चढताना ते थांबले. कपाळावर घाम, हात थरथरणारे, बोलणं थोडं अडखळत. बरोबरची मंडळी हसली, "चढली वाटतं!" मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग त्यांच्या पत्नीला विचारलं, "डायबेटिसची गोळी घेतात का?" घेत होते. ग्लिमेपिराइड. सकाळी गोळी घेतली होती, पण गाडी लवकर निघणार म्हणून नाश्ता केला नव्हता. आणि एव्हाना चार-पाच वाईन पोटात गेल्या होत्या.

ही दारूची नशा नव्हती. त्यांची साखर उतरली होती.

कोणीतरी लगेच गावातलं प्रसिद्ध बदामाचं मॅकरून पुढे केलं. मी म्हटलं, आधी साधी साखर आणा. बदामातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. शेजारच्या कॅफेतून साखरेच्या पुड्या आणि पाणी मिळालं. तीन चमचे साखर पोटात गेली आणि पंधरा मिनिटांत ते व्यवस्थित बोलू लागले. मग त्यांना ब्रेड आणि चीज खायला लावलं. पुढचा दिवस छान गेला. पण "चढली आहे, झोपू द्या" म्हणून त्यांना गाडीत तसंच झोपवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

असं का होतं?

आपण उपाशी असताना रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं. साठवलेली साखर ते सोडतं आणि नवी साखर तयारही करतं. दारू पोटात गेली, की तिची विल्हेवाट लावण्यात यकृत गुंततं आणि नवी साखर तयार करण्याचं काम मंदावतं. त्यातच इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी साखर खाली ओढत असेल आणि पोट रिकामं असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कधी कधी हे काही तासांनी, रात्री झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही होतं.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे लक्षणं. घाम, थरथर, अडखळणारं बोलणं, चिडचिड, झोप. दारू प्यायलेल्या माणसात ही लक्षणं दिसली, की साखर तपासण्याचं कोणाच्या मनातच येत नाही.

"थोडी-थोडी" म्हणजे नक्की किती?

टेस्टिंगमध्ये ग्लासच्या तळाशी जेमतेम दोन-तीन घोट असतात. त्यामुळे काहीच प्यायलो नाही असं वाटतं. आता हिशोब करू.

एका चाखणीत साधारण ४० मिलिलिटर वाईन धरा. दिवसभरात अशा सहा झाल्या तर २४० मिलिलिटर. सेंट एमिलियनच्या रेड वाईनमध्ये अल्कोहोल सहज १४ टक्के असतं. म्हणजे सुमारे २६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडचा व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. थोडक्यात, "नुसतं चाखलं" म्हणता म्हणता अडीच पेग झाले! तेही दिवसाढवळ्या, अनेकदा अर्ध्या रिकाम्या पोटी.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचाच निपटारा करू शकतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

खुद्द फ्रान्सच्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला काय आहे माहीत आहे? दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्लास, तेही रोज नाही, आणि आठवड्याला दहाच्या वर नाही. त्यांचा एक ग्लास म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. वाईनचा देश स्वतःच्या नागरिकांना हे सांगतो. आपण मात्र एका दिवसात मर्यादा ओलांडून "हृदयासाठी घेतली" म्हणतो.

हृदयाची गोष्ट, आणि माझी चूक

आता काकांच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, या निरीक्षणाला 'फ्रेंच पॅराडॉक्स' म्हणतात. सर्ज रेनॉ नावाचे शास्त्रज्ञ, मूळचे याच बोर्डो परिसरातले, त्यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात याचं श्रेय वाईनला दिलं. १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेखही आला. अमेरिकेत रेड वाईनचा खप झपाट्याने वाढला. मी तेव्हा एमबीबीएसला होतो. आम्हाला हे सगळं फार आकर्षक वाटलं. पुढे प्रॅक्टिस सुरू केल्यावर "डॉक्टर, थोडी वाईन चालेल का?" असं कोणी विचारलं, की मी हसून म्हणायचो, "थोडी चालेल, हृदयाला बरीच."

त्यातले एक पेशंट आज माझ्याकडे यकृताच्या सिरॉसिससाठी येतात. त्यांचं सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. वाईनवरून ते पुढे व्हिस्कीवर गेले, प्रमाण वाढलं. पण घरच्यांनी टोकलं की ते म्हणायचे, "डॉक्टरांनी सांगितलंय." हे त्यांच्या पत्नीने मला सांगितलं, तेव्हा मला मान वर करता आली नाही.

मग विज्ञान काय म्हणतं? जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त निरोगी दिसत. पण त्या "न पिणाऱ्यांत" असेही लोक होते, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. आजारी माणसांशी तुलना केली, की पिणारा तब्येतीने चांगला दिसणारच! ब्रिटिश संशोधक शेपर यांनी १९८८ सालीच ही शंका काढली होती. शिवाय मापात वाईन पिणारे लोक बऱ्याचदा सुस्थितीतले असतात, नीट जेवतात, फिरतात. श्रेय मात्र वाईनला मिळतं.

आणि ते प्रसिद्ध रेस्व्हेराट्रॉल? ते रेड वाईनमध्ये असतं, पण लिटरमागे काही मिलिग्रॅमच. त्यातून औषधाइतका परिणाम मिळवायचा तर त्याआधी यकृत राजीनामा देईल.

दुसरी बाजू मात्र पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं, कारण मानलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणी हा धोका वाढतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटमधल्या विक्रीवरून वाद झाला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं वाक्य आपण सर्वांनी ऐकलं. राजकारणात काय म्हणायचं ते म्हणोत. यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. त्याला फक्त अल्कोहोल कळतं.

मग जायचंच नाही का?

जा की! माझं मत एवढंच आहे, की अशी सहल मौज म्हणून करा, औषध म्हणून नको. आणि चाखायला गेलात तर खरोखर चाखूनच या.

हे चाखणं शिकायला मला तिथे अर्धा तास लागला. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं. वाईन तोंडात घोळवायची, वास घ्यायचा आणि त्या भांड्यात टाकायची. कसलेले चाखणारे असंच करतात. नाहीतर दिवसाला वीस-तीस वाईन तपासणं त्यांना जमेल कसं? आपल्याला मात्र संकोच वाटतो. कोणाच्या दारात जाऊन थुंकायचं, तेही पैसे देऊन घेतलेलं? माझी पत्नी म्हणाली, "चूळ भरतो तसं समजायचं." तिने दिवसभर तसंच केलं आणि संध्याकाळी आमच्यात सगळ्यात जास्त वाईन तिलाच ओळखता आल्या!

जाणार असाल तर एवढं पाळा:

१. भरपेट नाश्ता करून निघा. चाखण्यांच्या मध्ये ब्रेड, चीज, काहीतरी खात राहा. प्रत्येक वाईनबरोबर तेवढंच पाणी प्या.

२. डायबेटिस असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, ग्लुकोमीटर बरोबर घ्या आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासा. आपण कोणती गोळी घेतो हे सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा.

३. झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. ॲसिडिटी, गाऊट, हृदयाचे अनियमित ठोके असतील तरीही विचारा.

४. गरोदर स्त्रिया, यकृताचे किंवा स्वादुपिंडाचे रुग्ण आणि एकदा दारू सोडलेली माणसं यांनी एक घोटही नको. आयुष्यात कधी घेतली नसेल, तर साठाव्या वर्षी सुरू करायचं काहीच कारण नाही.

५. स्वतः गाडी चालवू नका. नाशिकला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडे कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. सहा चाखण्या तासा-दीड तासात गिळल्या, तर साठ किलोच्या माणसाची ती सहज ओलांडली जाऊ शकते.

६. घट्ट पकड असलेले बूट घाला. दगडी उतार, दुखरे गुडघे आणि वाईन हे त्रिकूट फ्रॅक्चरला आमंत्रण देतं.

आणि छोट्या ग्रुपबद्दल एक शेवटचं. आठ जणांत "मला नको" म्हणणं चाळीस जणांपेक्षा अवघड जातं. सगळे तुमच्याच ग्लासकडे बघत असतात. पण आग्रह जेवणाचा करावा, दारूचा करू नये. कोणी नको म्हटलं, की विषय तिथेच संपवा.

त्या काकांना मी "जा" म्हटलं. मात्र नाश्ता, साखरेच्या पुड्या आणि चूळ या तीन अटींवर. काकू जरा नाराज झाल्या. मग मी त्यांना खडकात कोरलेल्या चर्चबद्दल सांगितलं. जाताना त्या काकांना म्हणत होत्या, "तुम्ही चुळा भरत बसा, मी देऊळ बघून येते."