बियाणे तक्रारीची सुनावणी व्हिडिओवरून : फेरी वाचेल, पंचनामा मात्र हवाच

सोयाबीन उगवले नाही, दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडला आणि शेतकरी ग्राहक आयोगात गेला. पुढची तारीख नेमकी पेरणीत किंवा काढणीत आली, तर एसटीचे भाडे, बुडालेला दिवस आणि शेतातला खाडा असा तिहेरी फटका बसतो. त्यामुळे घरी राहून व्हिडिओद्वारे सुनावणीला हजर राहण्याची सोय शेतकऱ्यासाठी महत्त्वाची आहे.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. कलम 38 नुसार तक्रारीचा निर्णय प्रतिज्ञापत्र आणि कागदोपत्री पुराव्यावर होतो. पक्षकाराने अर्ज करून पुरेसे कारण दाखवले, तर आयोग कारणे नोंदवून प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे म्हणणे ऐकू शकतो. म्हणजे ही सोय आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते.

शेतकरी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही आता तक्रार करता येते. मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टल सुरू आहे.

बियाणे कायदा असला तरी शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात स्पष्ट केले.

खरी अडचण शेतात

सुनावणी येईपर्यंत त्या शेतात दुसरे पीक उभे असते. कॅमेऱ्यात शेतकरी दिसतो, पण उगवणीच्या वेळचे शेत दिसत नाही. ते दाखवतो फक्त पंचनामा. पेरणी खोल झाली, ओल कमी होती असा बचाव कंपनीकडून येऊ शकतो. त्याचे उत्तर पंचनाम्यातच असायला हवे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- पक्के बिल, पिशवी, टॅग आणि शक्य असल्यास मूठभर बियाणे जपून ठेवावे.
- उगवण कमी दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. शेत मोडण्याआधी तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची पाहणी करून घ्यावी.
- तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी.
- व्हिडिओ सुनावणीच्या अर्जात अंतर, शेतीकाम, आजारपण असे नेमके कारण लिहावे.
- गावात रेंज नसेल, तर चांगले नेटवर्क असलेली जागा आधी तपासून ठेवावी.

कृषी सहायकांसाठी

अहवालात पेरणीची तारीख, खोली, त्या काळातील पाऊस, लॉट क्रमांक, ओळीतील रोपांची मोजणी आणि शेजारच्या शेतातील उगवण नोंदवा. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता 70 टक्के असते. ही तुलना नोंदींशिवाय करता येत नाही. आयोगाने परवानगी दिल्यास तुमचे म्हणणेही व्हिडिओद्वारे नोंदवता येईल आणि खरिपात कार्यालय सोडून जावे लागणार नाही.

व्हिडिओमुळे शेतकऱ्याची फेरी वाचेल. प्रकरण टिकेल की नाही, हे मात्र उगवणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, बांधावरच ठरते.