कुशनचे हेडबोर्ड आणि यत्नाचार

पलंगाला कुशनचे हेडबोर्ड लावण्याची पद्धत आता गडहिंग्लजसारख्या गावांतही रुळली आहे. बसून वाचताना पाठीला आधार मिळतो, हे खरेच. मात्र निवडताना रंगाबरोबर आवरणाचाही विचार व्हावा. चामडे तर आपल्याला वर्ज्यच. रेशमासाठीही सामान्यतः कोशातील जीव उकळून मारले जातात. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजी ज्यासाठी प्रसिद्ध आहे, ते सुती कापड बरे.

सिंगल पलंग साधारणतः ३ फूट रुंद असतो. तरी माप सांगाड्याचे घ्यावे, गादीचे नव्हे. उंची मात्र गादी अंथरून ठरवावी, अन्यथा निम्मे कुशन गादीमागे झाकले जाते. हेडबोर्डचे पाय सांगाड्याला वॉशर घालून बोल्टने जोडावेत; बोल्ट प्रथम सैल ठेवून, पाणसळीने पातळी पाहून मगच आवळावेत.

खिळे ठोकून ते कायमचे बसवू नये. शिवणींत आणि गुंड्यांच्या खळग्यांत ढेकूण आश्रय घेतात. पावसाळ्यात ओल्या भिंतीलगत बुरशी धरते. ढेकूण वाढले की फवारणीची वेळ येते आणि ती हिंसा आपल्याच हातून घडते. म्हणून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवावे, आवरण काढून धुता येईल असे शिवून घ्यावे आणि शिवणी वरचेवर पाहाव्यात.

मुनींच्या पाच समित्यांपैकी आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलता-ठेवताना जीवरक्षणाचे भान राखण्यास सांगते. श्रावकानेही घरातील सामान घेताना तेच भान ठेवावे. हेडबोर्ड सहज सोडवता येईल, अशी सोय सुताराकडून आधीच करून घेणे हा त्या यत्नाचाराचाच भाग होय.