टीव्ही इंग्रजी बोलतो, पोरं कधी बोलणार?

गावच्या शाळेला काय हवे, असे ग्रामसभेत विचारले तर दोन उत्तरे हमखास येतात. एक, पोरांना इंग्रजी आले पाहिजे. दोन, शाळा डिजिटल झाली पाहिजे. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण त्या एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की, भिंतीवर मोठा टीव्ही लागला म्हणजे इंग्रजी आपोआप येणार, असा समज झाला आहे. मग लोकवर्गणी निघते, नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो. दोन-तीन वर्षांनी त्याच गावात जावे तर टीव्हीवर प्लास्टिकचा कागद टाकलेला असतो आणि सकाळी पिवळी गाडी निम्मी पोरं भरून तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे निघालेली असते. गावच्या शाळेचा पट घसरतो, शिक्षकाचे पद जाते आणि शेवटी शाळाच राहते की नाही, असा प्रश्न येतो. म्हणून हा विषय एकट्या गुरुजींवर सोडून चालणार नाही.

२०२५ साली आपल्या राज्यात भाषेवरून रान पेटले. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय १६ एप्रिलला आला, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या गदारोळात कोणती भाषा आणि कितवीपासून, यावर भरपूर बोलले गेले. ती शिकवणार कोण आणि कशी, यावर फार थोडे बोलले गेले. खरा गुंता तिथेच आहे.

पंचवीस वर्षांचा हिशेब

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज स्वतः पालक झाली आहेत. फळ काय मिळाले? ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात देशाचे आकडे आहेत. साधे इंग्रजी वाक्य वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१६ साली शेकडा २४.७ होती, २०२२ साली २४.५. आठवीत हेच प्रमाण ४५.३ वरून ४६.७ वर गेले. मधल्या सहा वर्षांत गावोगाव टॉवर उभे राहिले, डेटा स्वस्त झाला, घरोघर स्मार्टफोन आला. वाचनाचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

आता त्याच संस्थेचा २०२४ चा अहवाल घ्या. चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. तो वापरता येणाऱ्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के निघाली, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. तेव्हा यंत्र नाही म्हणून अडले, असे आता म्हणता येणार नाही. बोअर झाली, मोटर बसली, पाणी मात्र पिकाच्या मुळाशी गेले नाही, अशी ही गत आहे.

ऐकणे वेगळे, बोलणे वेगळे

यंत्राने शिकवण्याचा खटाटोप नवा नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला गेला. सकाळी शाळेचे कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचे. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना तिचे कार्यक्रम आठवतील. २०१७ साली ती बंद झाली. कार्यक्रम वाईट होते असे नाही. पण टीव्ही बोलायचा आणि पोरं ऐकायची. भूगोल, विज्ञान असे थोडेफार शिकता येते. भाषेचे तसे नाही. काठावर बसून पोहणे कुणाला आले आहे? दुसरी भाषा यायची तर मुलाने तोंड उघडले पाहिजे, चुकले पाहिजे आणि त्याला कुणीतरी उत्तर दिले पाहिजे.

हे ज्यांनी ओळखले त्यांनी साध्या यंत्रातूनही चांगले काम करून दाखवले. आफ्रिकेतील केनियात १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवले गेले. आवाज प्रश्न विचारी आणि काही क्षण थांबे. त्या रिकाम्या जागेत सगळा वर्ग मोठ्याने उत्तर देई. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. गुरुजी हातात खडू घेऊन वर्गातच उभे असत, रेडिओ सांगेल तसे फळ्यावर लिहीत. चाचण्यांत ही मुले इतरांच्या पुढे राहिली, विशेषतः ऐकून समजण्यात. यातली किमया रेडिओची कमी आणि त्या थांबण्याची जास्त. आज आपल्या टीव्हीवर लागणाऱ्या कित्येक धड्यांत ही मोकळी जागाच नसते. रंगीत चित्रे, गाणे, पुन्हा चित्रे. मुले खूश होतात, पण घरी जाऊन एक वाक्य बोलत नाहीत.

दुसरा दाखला आपल्याच मातीतला आहे. सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुले तो आपापला शिकली, ही गोष्ट जगभर गाजली. ती अर्धीच सांगितली जाते. पुढे त्याच मित्रांनी परदेशातल्या हौशी मंडळींना, त्यांत निवृत्त शिक्षकही होते, इंटरनेटवरून मुलांशी गप्पा मारायला बसवले. कौतुकाने ऐकणारी, 'मग पुढे काय झालं?' म्हणून विचारणारी ही आजीच जणू. २०१३ साली त्यांना मिळालेल्या टेड पुरस्कारातून ज्या मोजक्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांतली एक सातारा जिल्ह्यात फलटणला होती. भिंतीतल्या संगणकापाशीही शेवटी माणूस आणून बसवावा लागला, हा यातला धडा.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे नावही सर्वांना ठाऊक आहे. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा क्यूआर कोडची चर्चा झाली. आता तो कोड पाठ्यपुस्तकांतही छापलेला असतो. पण त्या कामातली मोठी गोष्ट वेगळी होती. पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नव्हती, त्यांच्या घरी कानडी बोलली जाई. मूल कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत जाते आहे, हे आधी पाहिले गेले, मग कोड आला. आपण कोड घेतला, पाहणे विसरलो.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

दुसरी भाषा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजीच येते. धडगाव-अक्कलकुव्याकडे जा, घरात पावरी किंवा भिली. मेळघाटात कोरकू. गडचिरोलीत गोंडी, माडिया. तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला मराठी हीच परकी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. मुंबई-दिल्लीत तयार झालेला व्हिडिओ त्याच्या काय कामाचा? केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली 'आदि वाणी' हे भाषांतराचे ॲप आणले. त्यात भिली आणि गोंडी आहेत, ही चांगली सुरुवात आहे. पण सर्वांत स्वस्त उपाय गावातच असतो. वस्तीवरच्या एखाद्या आजीने सांगितलेली गोष्ट मोबाईलवर टेप करायची. तीच गोष्ट गुरुजींनी सोप्या मराठीत सांगून टेप करायची. दोन्ही वर्गात ऐकवायच्या आणि मुलांना बोलते करायचे. याला ना निविदा लागते ना ठेकेदार.

भाषांतर यंत्र करील की!

हल्ली एक नवा प्रश्न विचारला जातो. फोनच इंग्रजीचे मराठी करून देतो, मग पोरांनी घोकायचे कशाला? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'भाषिणी'सारखी सरकारी सेवा २०२२ पासून आहे आणि शेतकरी फोनला मराठीत प्रश्न विचारू लागले आहेत. आमच्या कामाला त्याची मदतच होते. पण शेतावरचा अनुभव काय सांगतो? औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण अक्षर न येणाऱ्यालाही समजतो. प्रमाण, फवारणी ते काढणी यातले दिवस, विषबाधा झाल्यास उपाय, हे वाचावे लागते. यंत्राने 'मिली'च्या जागी 'मिग्रॅ' केले तर ते ओळखायला थोडी तरी भाषा अंगी हवी. निर्यातीच्या द्राक्षाचा अवशेष तपासणीचा अहवाल इंग्रजीत येतो. तो स्वतः वाचणारा बागायतदार व्यापाऱ्याशी ज्या तोऱ्यात बोलतो, तो दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याला जमत नाही. भाषांतराने काम भागते, भाव करता येत नाही. आणि मुलाखतीला बसलेल्या पोरीच्या वतीने फोन थोडाच बोलणार?

ठिबकचा धडा

आम्ही विस्ताराच्या कामातली माणसे. शिक्षणशास्त्र आमचा विषय नाही. पण नवे तंत्र गावात कसे रुजते आणि कसे वाळून जाते, एवढे रोजच पाहतो. ठिबकचा संच अनुदानावर बसतो. फिल्टर वेळच्या वेळी धुतला नाही, नळ्यांची टोके सोडून गाळ काढला नाही, क्षार साठले तर आम्लप्रक्रिया केली नाही, की दोन हंगामांत ड्रीपर बुजतात आणि शेतकरी म्हणतो, ठिबकात काही दम नाही. शाळेतल्या यंत्राचे हेच होते. वीजबिल थकले की जोडणी तुटते. रिमोटचे सेल संपतात. पेनड्राइव्हमधले धडे जुन्या पुस्तकाचे असतात. दुरुस्तीला पैसे कोणत्या खात्यातून, हे कुणालाच माहीत नसते.

दुसरी गोष्ट, भेटीची. ऐंशीच्या दशकात कृषी खात्यात 'प्रशिक्षण व भेट' योजना होती. कर्मचाऱ्याने पंधरवड्याला शिकायचे आणि ठरल्या दिवशी ठरल्या गावी जायचे. योजनेत उणिवा पुष्कळ होत्या. पण नुसत्या प्रशिक्षणाने काही होत नाही, भेट लागते, हे तिच्या नावातच होते. आज शेतीशाळेत आपण तेच करतो. शिक्षकांच्या बाबतीत प्रशिक्षण होते, भेट राहून जाते. ब्रिटिश कौन्सिल, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ पासून काही जिल्ह्यांत 'तेजस' प्रकल्प राबवला. त्यात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे गट होते. ठरावीक काळाने एकत्र बसायचे, वर्गात काय जमले, काय फसले ते सांगायचे, मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एकमेकांना विचारायचे. यंत्र तेच, प्रत्येकाच्या खिशातले. फरक पडतो तो ठरवून भेटण्याने. ज्या गुरुजींना स्वतःच इंग्रजी बोलायची भीड वाटते, त्यांची भीड चारचौघांत बसूनच मोडते.

गावाने काय करावे

वर्गणी काढण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने चार प्रश्न विचारावेत. हे यंत्र बोलून थांबते का, म्हणजे मुलाला बोलायला जागा देते का? ते बिनइंटरनेटचे चालते का? वीज आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च कोण देणार? आणि आठवड्यातून किती तास, कोणत्या वर्गाने ते वापरायचे, हे वेळापत्रकात लिहिले आहे का?

मोठा टीव्ही घेण्याइतके पैसे नसले तरी बिघडत नाही. चार्जिंगचा एक बरा स्पीकर आणि एक साधा स्मार्टफोन यावर रोज वीस मिनिटे ऐकणे-बोलणे होऊ शकते. गुगलने २०१९ साली 'बोलो' नावाचे वाचनाचे ॲप आणले, पुढे त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडले तर शब्द सांगते. एकदा उतरवून घेतले की ते नेटशिवाय चालत असे. निवडायचे तर अशी, मुलाचे ऐकणारी साधने निवडावीत. गोंगाटाच्या वर्गात मात्र ती गोंधळतात. म्हणून चार-चार मुलांचे गट करून व्हरांड्यात बसवावे आणि फोन मुलींच्याही हातात जातो की नाही, हे पाहावे. नाहीतर फोन एक पोरगा धरून बसतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघतात.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास फक्त इंग्रजीच्या अडचणींसाठी राखावा, अशी मागणी गावातून गेली पाहिजे. ती खर्चिक नाही. आणि पालकांनी संध्याकाळी एक काम करावे. आज शाळेत काय पाहिले, हे विचारू नये. आज कोणते वाक्य बोललास, ते मला बोलून दाखव, असे म्हणावे. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी चालते. ऐकणारा समोर बसला की मूल बोलते.

येत्या ग्रामसभेत डिजिटल शाळेचा विषय निघेलच. तेव्हा टीव्ही किती इंची, हे जरूर विचारा. पण त्याआधी तिसरीतल्या एखाद्या पोराला पुढे बोलवा आणि त्याच्या तोंडून चार वाक्ये ऐका. गावच्या शाळेचा पट शेवटी त्या चार वाक्यांवर टिकणार आहे.