व्यसनमुक्ताची श्रद्धा आणि समाजाचा संशय

ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादचे पोलीस यांनी छत्रपती संभाजीनगर व पैठण येथे छापे घालून अडीचशे कोटींहून अधिक किमतीचे अमली पदार्थ जप्त केले, तेव्हा या शहराचे नाव देशभर गाजले. शहराच्या गल्लीबोळांत ‘बटन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची वार्ता मात्र स्थानिक वृत्तपत्रांच्या गुन्हेगारीच्या रकान्यापलीकडे सहसा जात नाही. किती गोळ्या सापडल्या आणि कितीजणांना अटक झाली, याची नोंद होते. नशेत चाकू काढणारा तरुण हर्सूलच्या कारागृहातून बाहेर पडल्यावर त्याचे पुढे काय झाले, याची दखल घेण्याची गरज कोणाला वाटत नाही.

पुष्कळजण जुन्याच नाक्यावर परततात. काही थोडे वेगळी वाट धरतात आणि त्यांतली एक वाट ख्रिस्ती प्रार्थनासभेकडे जाते. दारू, गर्द आणि तुरुंग यांतून प्रभू येशूने आपल्याला बाहेर काढले, अशी ‘साक्ष’ भर सभेत उभे राहून देणारी माणसे महाराष्ट्रातील अनेक मंडळ्यांत आढळतात. मंडळीतल्यांना तो चमत्कार वाटतो आणि मंडळीबाहेरच्यांना ते आमिष वाटते. दोघांनाही त्या माणसाशी फारसे कर्तव्य नसते. त्याच्या कहाणीचा आपापल्या बाजूने उपयोग किती, एवढेच पाहिले जाते.

वास्तविक मराठवाड्याला या प्रकाराचे इतके नवल वाटण्याचे कारण नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटते आणि कालपर्यंत गटारात लोळणाऱ्याला गाव ‘माळकरी’ म्हणून मान देऊ लागते, हे येथल्या खेड्यापाड्यांना ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञाही होती. व्यसन सोडणे म्हणजे केवळ एक सवय टाकणे नव्हे, तर सोबती, सायंकाळ आणि स्वतःची ओळख बदलणे होय, हे या दोन्ही परंपरांनी ओळखले होते. मग माळ घातलेल्याच्या हेतूविषयी शंका न घेणारा समाज बाप्तिस्मा घेतलेल्याला मात्र ‘तुला किती पैसे मिळाले?’ असे का विचारतो? आमिषाचे प्रकार घडत नाहीत असे नाही, आणि ते घडले तर निषेधार्हच होत. परंतु संशय सरसकट झाला म्हणजे त्याला विवेक म्हणता येत नाही.

श्रद्धेने व्यसन सुटते काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकातील एका अनुभवातून मिळते. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची सुरुवात केली, ती ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या प्रभावाखाली. (याच चळवळीने पुढे नैतिक पुनरुत्थानाचे रूप घेतले आणि पाचगणीत आपले केंद्र उभारले.) आपल्या दोषांची कबुली द्यावी, ज्यांचे नुकसान केले त्यांना ते भरून द्यावे आणि दुसऱ्या मद्यपीला हात द्यावा, ही शिस्त त्यांनी तेथूनच उचलली. परंतु देव कोणता, हे ठरविण्याचे काम त्यांनी ज्याचे त्याच्यावर सोपविले. पंथापासून वेगळे होण्याचा हा शहाणपणा त्यांनी दाखविला नसता, तर ही चळवळ जगभर पसरली असती की नाही याची शंकाच आहे.

महाराष्ट्रात हाच शहाणपणा फादर जो परेरा यांनी दाखविला. ते स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले कॅथलिक धर्मगुरू. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले आणि व्यसनमुक्तीच्या उपचारात पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडून शिकलेला योग आणला. धर्मगुरूने योगगुरूचे शिष्यत्व पत्करावे, यात दोन्हीकडच्या कर्मठांना बोचणारे बरेच काही होते. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचटांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने तर कोणत्याही धर्माचा आधार न घेता तेच काम केले. तेव्हा श्रद्धा हा एक आधार आहे, एकमेव नव्हे. आणि उपचाराचा मोबदला म्हणून तर ती मागता येणारच नाही.

प्रार्थनासभेतील उत्साहात एक धोका हमखास विसरला जातो. अट्टल मद्यपीने दारू एकदम बंद केली तर झटके येतात, वात होतो, वेळप्रसंगी प्राणही जातो. ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपामसारख्या गोळ्यांचेही तसेच. त्या हळूहळू आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडाव्या लागतात. ज्या पाळकाने अशा तरुणाला आधी घाटी रुग्णालयाची वाट दाखविली, त्याने त्याच्यासाठी प्रार्थनेइतकेच मोठे काम केले असे म्हटले पाहिजे.

त्याला कायद्याचीही बाजू आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील ६४-अ कलमानुसार, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील जो व्यसनी स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेतो, त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. प्रार्थनासभेला ही मान्यता नसते. ती नसावी हे योग्यच. पण मग मान्यताप्राप्त खाटा पुरेशा असल्या पाहिजेत, आणि त्या पुरविणे हे सरकारचे काम आहे. ते न करता श्रद्धेच्या दारात उभ्या असलेल्यांवर पाळत ठेवणे सोपे असते.

सरकार आणि मिशन यांचे हे नाते जुने आहे. ब्रिटिश अमलात ज्या जमातींना कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले, त्यांच्या वसाहती सरकारने मिशनऱ्यांच्या हवाली केल्या. १९०८ पासून उत्तरेत मुक्तिफौजेकडे, तर सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे. तारेच्या कुंपणाआड ऐकवलेल्या उपदेशाला मनःपरिवर्तन म्हणणे कठीण आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला; तरी कपाळीचा शिक्का गेला नाही, हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकाला दाखविले.

खऱ्या गुन्ह्याची गोष्ट वेगळी. तेथे दुखावलेला एक दुसरा माणूस असतो. वाल्याचा वाल्मीकी झाला. त्याने लुटलेल्या वाटसरूंचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. साक्षींतही बहुधा हेच होते. गुन्हा जितका भयंकर, तितका चमत्कार मोठा. मार खाल्लेली पत्नी आणि भोसकला गेलेला शेजारी कहाणीत ओझरतेच येतात. देवाने क्षमा केली असे जो सांगतो, त्याने त्या शेजाऱ्याचे दार ठोठावले काय, हे त्याच्या मंडळीनेच त्याला प्रथम विचारावयास हवे.

ज्याने हे सारे केले, त्याच्यापुढेही एक पेच उरतोच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सांगितले. स्वतःच्या विवेकाने धर्म निवडण्याची मुभा राज्यघटनेच्या २५ व्या कलमात कायम आहे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीचा दर्जा गमावतो. केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेची फसवणूक आहे, असे न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलेही. म्हणून वस्तीतला असा तरुण रविवारी चर्चमध्ये बसतो आणि कागदावर पूर्वीचाच राहतो. मुलाच्या शाळेच्या दाखल्याचा प्रश्न असतो. खोटे सोडले असे जो सभेत सांगतो, त्याचे नवे आयुष्य दाखल्यावरील एका खोट्याने सुरू होते. बौद्धांना केंद्राच्या या सवलती मिळण्यास १९५६ नंतर १९९० साल उजाडावे लागले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा प्रश्न तपासण्यासाठी के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला तो २०२२ साली.