अमृतमहोत्सवी काळे केस

अमृतमहोत्सवाचा फ्लेक्स लागतो. वर महापुरुषांची रांग, खाली शुभेच्छुकांची गर्दी, मधोमध हात जोडलेले साहेब आणि साहेबांच्या डोक्यावर काळेकुळकुळीत केस. पंचाहत्तरी साजरी तर करायची, पण ती दिसू द्यायची नाही! संध्याकाळी सत्काराला साहेब स्वतः स्टेजवर येतात, तेव्हा पांढरं डोकं सगळ्या गावाला दिसतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

यात डीटीपीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ‘साहेबांचे केस जरा बघ’ एवढंच कार्यकर्ता सांगतो आणि तासाभरात फ्लेक्स छपाईला गेलेला हवा असतो. फोटोशॉपमध्ये केसांना रंग देणं तसं सोपं. केस सिलेक्ट करायचे, वर नवा लेअर घ्यायचा आणि ‘कलर’ मोडमध्ये ब्रश फिरवायचा. मूळ फोटोतला उजेड आणि सावली जागच्या जागी राहते, बदलते ती फक्त छटा. तपकिरी केसांवर मेंदीची झाक आणायची तर हे झकास. पांढऱ्याचं काळं करायला मात्र ही युक्ती कुचकामी, कारण काळं म्हणजे निराळी छटा नव्हे, तिथं उजेडच नसतो. त्या मोडमध्ये काळा ब्रश दिवसभर घासला तरी पांढरं ते पांढरंच. मग ‘मल्टिप्लाय’ लावून किंवा कर्व्हज खाली ओढून उजेडच उतरवावा लागतो. सवडीने केलं तर केसांवरची चमक राखता येते, भांगातली कातडी वगळता येते, कानाजवळ दोनचार पांढरे केस शहाणपणाने सोडता येतात. पण सवड आहे कुणाला? घाईत कपाळावर सरळ रेघ उमटते आणि साहेबांनी नाटकातला टोप चढवल्यासारखं दिसतं. मिशी आठवणीने काळी होते, भुवया तेवढ्या पंचाहत्तरीतच राहतात.

जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या सौम्य करायचे. पण त्यांचा हात फिरलाय हे सांगितल्याशिवाय कळत नसे.

फ्लेक्सवर हौस म्हणून हे सोडून देऊ. पण फोटो ओळख पटवण्यासाठीच असतो तिथं काय? एकाच नावाच्या उमेदवारांत मतदाराचा घोळ होऊ नये म्हणून निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो आणला. २०२५ च्या बिहार विधानसभेपासून तो रंगीतही झाला. फोटो अधिसूचनेआधीच्या तीन महिन्यांतला हवा, अशी अट आहे. फोटो तीन महिन्यांतला मिळेलही, पण त्यातले केस वीस वर्षांपूर्वीचे असले तर हरकत कुणी घ्यायची? प्रतिस्पर्धी घेणार नाही. त्याचाही फोटो त्याच डीटीपीवाल्याकडून आलेला असतो.